बावखलाकडची ओळ

आबा,

माझ्यासमोर टेबलावर छापखान्यातून आलेलं एक पान आहे, सतरा नंबरचं. संध्याकाळी सहा वाजता तुमची नात ते न्यायला येणार आहे आणि आत्ता दुपारचे दोन वाजून गेलेत. समाजाची स्मरणिका निघते आहे. पुढच्या रविवारी हॉलमध्ये तिचं प्रकाशन आहे, आणि तिच्यात या मुलीने आपल्या वाडीतल्या वांग्यांवर लेख लिहिला आहे. तुम्ही गेलात तेव्हा ही दोन वर्षांची होती, तुमच्या मांडीवर बसून सदऱ्याची बटणं चावायची. आता वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी. करते आणि बोलायला लागली की कोणाला आवरत नाही. लेख चांगला आहे. पण त्यात मधोमध एक वाक्य आहे: 'माझ्या आजोबांना जास्त पिकाची हाव सुटली आणि त्यांनी बावखलाकडच्या ओळीवरही औषध मारलं. आमची वांगी तिथून बिघडत गेली.' रविवारी ती हे माइकवर वाचणार. समोर तुमच्या शेजारी वसईच्या बाजारात पाटी घेऊन बसलेल्या बायका असतील, तुमच्याकडून बी नेलेले लोक असतील, त्यांची मुलं-सुना असतील. आणि त्या ओळीवर औषध तुम्ही मारलं नव्हतं, आबा. मी मारलं होतं. हे जगात दोघांनाच माहीत होतं, त्यातले तुम्ही बावीस वर्षांपूर्वी गेलात.

पान माझ्याकडे आलं आहे ते शुद्धलेखन तपासायला. "आत्या, एकदा चेक कर ना, प्लीज. तुझं रेड पेन लागल्याशिवाय मला कॉन्फिडन्सच येत नाही," असं ती काल फोनवर म्हणाली. सकाळी मी लाल पेन घेऊन बसले, तीन वेलांट्या सुधारल्या, एक स्वल्पविराम घातला, आणि त्या वाक्यावरून पेन तसंच पुढे नेलं. खाली 'छान' असं लिहिलं. मग चहा केला, तो प्यायले नाही. अजून एक सांगायचं राहिलं. त्याच स्मरणिकेत चौदा नंबरच्या पानावर माझा फोटो आहे. निवृत्त शिक्षकांचा सत्कार आहे त्या दिवशी, शाल आणि श्रीफळ. म्हणजे आधी माझ्या खांद्यावर शाल पडणार, टाळ्या होणार, मी खुर्चीत येऊन बसणार, आणि मग माझी भाची उठून सगळ्यांसमोर तुम्हाला हावरट म्हणणार. मी शाल सावरत ते ऐकायचं. सकाळपासून मला हे चित्र दिसतं आहे आणि तरीही मी खाली 'छान' लिहिलं आहे.

ती ओळ मला तिथल्या ओल्या मातीच्या वासासकट आठवते. बावखलाच्या काठाला, त्या लहानशा तळ्याच्या पाण्याला लागून, वांग्यांची शेवटची ओळ. तिला पाणी इतर ओळींसारखंच मिळायचं, खुरपणी तशीच व्हायची, पण औषध नाही, राख नाही, तंबाखूचं पाणीसुद्धा नाही. तिथली वांगी बाजारात जात नसत. बरी निघाली तर आई भाजीला आणायची, किडकी गाईला घालायची. बियांची फळं मात्र तुम्ही तिथलीच ठेवायचात, झाडावरच पिवळी पडून सुरकुतेपर्यंत. ही ओळ अशी का सोडायची, असं मी लहान असताना विचारलं होतं. तुम्ही हातातलं खुरपं न थांबवता म्हणालात, "ती आपली नाय, बाय. ती त्यांची." त्यांची म्हणजे अळीची, पाखरांची, जो येईल त्याची. माझे आजोबा सोडायचे म्हणून तुम्ही सोडायचात, आणि आजोबा का सोडायचे ते तुम्हाला ठाऊक नव्हतं. हल्ली लोक मला सांगतात, आपल्या जुन्या माणसांना सगळं विज्ञान माहीत होतं. मला चीड येते. तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही दिलेला शब्द पाळत होतात, आणि तोही तुमच्या बापाने दिलेला. पण ती वांगी काय होती! देठाला असे काटे की आई ती फडक्यात धरून चिरायची. मला काटा टोचला की मी रडायचे, आणि आई म्हणायची, "टोचतंय म्हणजे आपलंच हाय." बाजारात लोक देठाला हात लावून बघायचे आणि काटा टोचला की पाटीतली निमूटपणे घ्यायचे.

मी बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा आमचे एक प्राध्यापक दहा-बारा मुलामुलींना घेऊन आपल्या वाडीत आले. मीच बोलावलं होतं, मोठ्या ऐटीत. तुम्ही सगळ्यांना शहाळी काढून दिलीत, केळीच्या पानांवर पेरू मांडलेत. सर ओळींमधून फिरले, सगळं नावाजलं, आणि शेवटी बावखलाकडे आले. तिथे दर चार झाडांमागे एकाचा शेंडा मान टाकून लोंबत होता. सर वाकले, एक शेंडा मोडून उभा चिरला, आतली गुलाबी अळी सगळ्यांना दाखवली आणि म्हणाले, "काका, ही तर तुम्ही अळ्यांची खानावळ काढलीय! तीही फुकटची!" सगळे हसले. तुम्हीही हसलात आणि म्हणालात, "असू दे सर, त्यांनापण पोट हाय." त्यावर ते अजून हसले. मीही हसले, आबा. सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले, कारण मी तुमच्यातली नाही, त्यांच्यातली आहे, हे त्यांना कळायला हवं होतं. पुढचा आठवडाभर वर्गात मुली मला 'खानावळवाली' म्हणत होत्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. मी मात्र आतून जळत होते. एकोणीस वर्षांची होते, आणि त्या वयात लाज वाटण्यासारखं दुसरं संकट नसतं.

मार्गशीर्षातला गुरुवार. बाजारात गर्दी असणार म्हणून आई तुमच्याबरोबर गेली आहे, भाऊ शाळेत. घरात मी एकटी. मी गोठ्याशेजारच्या खोलीतून पंप काढते. पुस्तकात दिलेलं माप वाचून औषध ओतते, आणि वर थोडं जास्तच ओतते. पंप पाठीवर घेते तर पट्टा खांद्यात रुततो. मी बावखलाच्या काठाने चालते आहे, दांडा वर-खाली करते आहे, पानं भिजून चमकताहेत, बेडूक टपाटप पाण्यात उड्या मारताहेत. मला भीती वाटत नाही. खरं सांगते, मला आनंद होतो आहे. ओळ संपवून मी पंप धुते, होता तिथे ठेवते, साबणाने तीनदा हात धुते आणि भाकऱ्या करायला बसते. बाराच्या सुमाराला तुम्ही येता. पाटी ओट्यावर टेकवता, मान वर करून वास घेता आणि घरात न येता सरळ मागे जाता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला तुमची पाठ दिसते. तुम्ही तिथे इतका वेळ उभे राहता की तव्यावरची माझी भाकरी करपते. मग तुम्ही आत येता, तांब्याभर पाणी पिता आणि माझ्याकडे न बघता म्हणता, "हात लिंबाने धू. साबणाने जात नाय तो वास." आईला सांगता, आज वांगी नको करू. बस. त्यापुढे एक शब्द नाही. त्या दिवशी नाही, त्या वर्षी नाही, कधीच नाही. माझ्यावर ओरडला असतात तर मी भांडले असते, पुस्तक काढून दाखवलं असतं. तुम्ही मला भांडायलाही जागा ठेवली नाहीत, आणि याचा राग मला अजून आहे.

त्या वर्षी वांगी अशी आली की आई दृष्ट काढायची म्हणाली. शेवटच्या ओळीचीही बाजारात गेली. पुढच्या हंगामात रोपं लावताना मी लक्ष ठेवून होते, तुम्ही ओळ सोडता का. तुम्ही सोडली नाहीत. मीच विचारलं की ओळ सोडायची नाही का. "मोडली ती मोडली," तुम्ही म्हणालात. "एकदा हात लावल्यावर परत त्यांची कशी म्हनू?" आणि तुम्ही स्वतः तिथेही औषध मारू लागलात. दोन वर्षं सगळं चोख झालं. तिसऱ्या वर्षी शेंडे पुन्हा माना टाकायला लागले. तुम्ही माप वाढवलंत. दुकानदाराने दुसरी बाटली दिली, मग तिसरी. अळी होती ती होतीच.

हे काय होत होतं ते मला नंतर कळलं, आणि तेही हळूहळू, खडू हातात घेऊन दुसऱ्यांना शिकवताना. शंभर अळ्यांमध्ये एखाद-दोन जन्मतःच अशा असतात की त्यांना औषध बाधत नाही. बाकीच्या मरतात, या उरतात. तुमच्या त्या ओळीत साध्या अळ्या सुखाने वाढायच्या. त्यांचे पतंग उडून बाकीच्या वाडीत जायचे, तिथल्या वाचलेल्यांशी त्यांची जोडी लागायची, आणि पोटी येणारी पिल्लं बहुतेक पुन्हा साधीच निघायची, औषधाने मरणारी. ती ओळ म्हणजे त्यांच्या रक्तात सतत पाणी मिसळत राहणारा पाट होता. तो मी बंद केला. मग वाचलेल्यांना जोडीदार मिळाले ते वाचलेलेच. महिना-सव्वा महिन्यात त्यांची एक पिढी होते, आबा. आपण एक कॅलेंडर उतरवून दुसरं लावेपर्यंत त्यांच्या खापरपणतवंडांचा संसार मांडलेला असायचा. आणि इकडे झाडाचं उलटं झालं. आधी बी धरायचात ते अशा झाडांचं, जी कोणाच्या मदतीशिवाय अळीच्या तोंडातून वाचली होती. ओळ मोडल्यावर बी धरलंत ते औषधाच्या जोरावर उभ्या राहिलेल्या झाडांचं, मोठ्या आणि चकचकीत फळांचं. दरसाल देठाचे काटे कमी होत गेले, साल पातळ होत गेली. आईला फडकं लागेनासं झालं आणि मला वाटलं, चला, बरं झालं. काट्यांचा आणि अळीचा काही संबंध होता का, हे मी आजही छातीठोकपणे सांगणार नाही. पण अळी वर्षागणिक निबर होत गेली आणि झाड वर्षागणिक लाडावत गेलं, एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मी बी. एड.ला असताना सुट्टीत एकदा तुमच्यासाठी डबा घेऊन बाजारात आले होते. एक बाई तुमच्यासमोर उभी होती, नेहमीची गिऱ्हाईक, हातात अर्धं कापलेलं वांगं. "आबा, तुमचं वांगं आणि आत हे?" ती ओरडत नव्हती, तिला वाईटच वाटलं होतं. पण आजूबाजूच्या चार पाट्यांवरच्या बायका माना वळवून बघत होत्या. तुम्ही दुसरं वांगं उचललंत, तिच्यासमोर सुरीने उघडलंत. त्यातही अळी. तिसरं उघडलंत. मग सुरी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "माफ कर, बाय." मी तुमच्यामागे तीन पावलांवर डबा घेऊन उभी होते. तुम्ही वळून पाहिलंत, डबा घेतलात, आणि ऊन फार आहे, रिक्षाने जा, असं म्हणालात. मी रिक्षाने गेले.

पुढे मला शाळेत नोकरी लागली तेव्हा तुम्ही मला एक भिंग आणून दिलंत, पितळी कडीचं, कागदात गुंडाळलेलं. "नीट बघत जा," एवढंच म्हणालात. आई म्हणाली, पोरीला साडी आणायची सोडून हे काय. मी वरवर हसले. पण ते शब्द मला टोमण्यासारखे लागले आणि पुढे कित्येक वर्षं मी त्या भिंगाला हात लावला की कानात तेच ऐकू यायचं. कदाचित तुमच्या मनात तसं काही नसेल. बाप शिक्षिका झालेल्या मुलीला भिंग देतो, त्यात काय मोठंसं. पण ज्याच्या मनात चोर असतो त्याला सगळीकडे पोलीस दिसतात, तशी माझी गत झाली होती. पुढच्याच वर्षी तुम्ही आणि भावाने मिळून सगळी वांगी उपटलीत, ढीग करून पेटवलीत, आणि त्या जागी मोगरा आणि जास्वंद लावलीत. मी तेव्हा घरी नव्हते, सहामाहीचे पेपर तपासत शाळेत बसले होते. कोणी थांबवलं नव्हतं मला. वांगी उपटायची आहेत हे ठाऊक होतं म्हणूनच बसले होते.

आता सगळ्यात वाईट भाग. आनुवंशिकतेचा धडा मी तीसहून जास्त वर्षं शिकवला, आणि दरवर्षी एक गोष्ट सांगितली. एक शेतकरी होता. त्याच्या वाडीत एक ओळ तो कीटकांसाठी सोडायचा. एका वर्षी त्याने तीही फवारली. मग काय झालं, सांगा पाहू. मुलांना गोष्ट आवडायची, पटकन समजायची, तपासणीला आलेले साहेब मान डोलवायचे. भाची माझ्याच शाळेत, माझ्याच वर्गात होती. दहावीत असताना तिसऱ्या बाकावरून हात वर करून तिने विचारलं, "मॅडम, पण त्या शेतकऱ्याने ओळ का फवारली?" ते याआधी कोणी विचारलं नव्हतं. माझ्या हातात खडू होता, फळ्यावर अर्धं झाड काढलेलं होतं, आणि मी म्हणाले, "हाव, दुसरं काय." आणि पुढचं पान उघडायला सांगितलं. तुमच्या नातीला, आबा. तुमच्या डोळ्यांसारखे डोळे असलेल्या मुलीला मी हे सांगितलं, आणि घंटा झाल्यावर शिक्षकांच्या खोलीत जाऊन सगळ्यांबरोबर चहा प्यायले.

आता तो शेतकरी कोण, ते ती ओळखून बसली आहे. भावाने तिला कधीतरी बावखलाकडच्या ओळीची गोष्ट सांगितली असणार. बावखल आता नाही, ते बुजवून तिथे चार मजली इमारत झाली आहे, पण भाऊ अजूनही त्या भिंतीकडे हात करून 'बावखलाकडे' असंच म्हणतो. वांग्यांचा विषय निघाला की तो दरवेळी एकच वाक्य बोलतो: "होती आपली वांगी. आबांनीच घालवली." आवाज न चढवता बोलतो, पण बोलतो. सणावारी पंगतीत तो हे बोलतो आणि मी भात वाढत पुढे सरकते. ही मुलगी तेवढ्यावर थांबली नाही. तिने शोध घेतला, तुम्ही बी कोणाकोणाला दिलं होतंत त्याचा. आणि चांदीप गावातल्या एका बाईकडे तिला ते सापडलं. सासऱ्याने तुमच्याकडून नेलेलं, ओळ मोडायच्या आधीचं. ती बाई शेताच्या कडेला घरापुरती चार-सहा झाडं लावते, औषध मारण्याइतका वेळ तिला नाही. भाचीने परवा त्यातली दोन वांगी मला आणून दिली. देठाला काटे आहेत. पण आकार लहान झालाय, रंगात पांढरट पट्टे आलेत. तिथली माती वेगळी, पाणी वेगळं, बी धरणारा हात वेगळा, इतक्या पिढ्यांत ते तिथलं झालं आहे. "हे एक्झॅक्टली आजोबांचं नाही राहिलं, आत्या, पण त्यांच्या सगळ्यात जवळचं हेच," ती म्हणाली. मी चिरताना फडकं घेतलं नाही. बोटातून रक्त आलं तेव्हा मला तुमची इतकी आठवण झाली की मी गॅस बंद केला.

साडेचार झालेत. मी आत्तापर्यंत तीनदा फोन हातात घेतला. काय सांगायचं, हेही ठरवून पाहिलं. वाक्य जरा सौम्य कर, म्हणावं. 'हाव' काढ आणि 'त्या काळात सगळेच मारत होते' असं घाल. ते खोटं नाही. तिने ऐकलंही असतं, मॅडम म्हणून माझा शब्द ती मोडत नाही. मग तुम्ही जरा कमी दोषी झाला असतात आणि मी होते तिथेच राहिले असते, फोटोसकट. हे सुचलं तेव्हा मला माझीच किळस आली. पण दुसरीकडे भीतीही खरी आहे, ती कशाला लपवू? मी साठीची बाई आहे. रस्त्याने जाताना अजून लोक थांबून पाया पडतात. भावाला काय वाटेल? इतकी वर्षं त्याने बापावर मनात अढी ठेवली, आणि मी समोर बसून ती ठेवू दिली. तो मला घरात घेणार नाही असं नाही, घेईल. ताई ये, बस, म्हणेल. पण मग पंगतीत तो काय बोलेल आणि मी कशी वाढेन, ते मला दिसत नाही.

साडेपाच. मी लाल पेन घेतलं आहे. 'छान' खोडलं. त्या वाक्याच्या बाजूला, समासात, बारीक अक्षरात लिहिलं: 'ओळीवर पहिल्यांदा औषध आजोबांनी मारलं नाही. मी मारलं. ते बाजारात गेले होते. हाव त्यांना नव्हती. मला माझ्या बापाची लाज वाटली म्हणून मारलं. हे असंच छाप.' अक्षर वाकडं आलं आहे. मुलांच्या वहीत असं अक्षर दिसलं असतं तर मी पुन्हा लिहून आण म्हटलं असतं. आता इथे थांबते.

सहा वाजून गेले, आणि आता साडेसात झालेत. ती येऊन गेली. झालं तसं लिहिते.

ती घाईत होती, चप्पल न काढता दारातच उभी राहिली. मी पान हातात दिलं. ती जिना उतरता उतरता वाचेल असं मला वाटलं होतं, पण तिने तिथेच वाचलं. एकदा, मग परत एकदा. मग चप्पल काढली, आत आली आणि खुर्चीच्या कडेला टेकली.

"आत्या," ती म्हणाली, "पण मी तुझ्या वर्गातल्या गोष्टीवरून नाही लिहिलं हे. असं कसं लिहीन? मी पप्पांना विचारून कन्फर्म केलं होतं."

मी म्हटलं, "त्याला काय माहीत? तो तेव्हा शाळेत होता."

"नाही गं. वांगी उपटली ना, तेव्हाचं. पप्पा खूप चिडले होते आजोबांवर, की ती ओळ कशाला मोडली, कोणी सांगितलं होतं. तर आजोबा म्हणाले, मीच मारलं. मला हाव सुटली. दुसऱ्या कोनाला विचारू नको." ती तुमचा आवाज काढायला गेली नाही, पण ते 'कोनाला' तिने तुमचंच ठेवलं. "पप्पा म्हणतात, आजोबांनी आयुष्यात तेवढी एकच गोष्ट दोनदा सांगितली. जाताना पण सांगितली."

म्हणजे तुम्ही गप्प नव्हतात, आबा. माझ्याशी गप्प होतात. मी वर्गात उभी राहून जो शब्द तुमच्यावर फेकला तो तुम्ही त्याच्या कितीतरी वर्षं आधी स्वतःच अंगावर ओढून घेतला होतात, तोही तुमच्या मुलापुढे, ज्याच्या नजरेतून तुम्हाला उतरायचं नव्हतं. आणि जाताना मी दवाखान्यात तुमच्या पायाशी बसले होते तेव्हा तुम्ही मला फक्त विचारलंत, शाळा कधी उघडते. मी रडले ते तिच्यासमोरच रडले. तिने पाणी आणून दिलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मग पान उचललं, घडी न घालता पिशवीत ठेवलं, आणि म्हणाली, "सात वाजता छापखाना बंद होतो. जाते."

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, ते मला लिहायला बसले तेव्हाच माहीत होतं. म्हणून शेवटचं एवढं लिहून ठेवते. तुम्ही सगळं स्वतःवर घेतलं होतंत, हे ऐकलं तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं ते दुःख नव्हतं. मला वाटलं, मग कशाला? तुम्हीच असं ठरवलं होतंत, तर राहू दे तसंच. ती दारापर्यंत पोचली होती आणि मी ते पान परत घ्यायला हात पुढे केला होता. तिने दिलं नाही.